ओटीपी मागणारं ट्रॉमा ॲप कॅज्युअल्टीत कामाचं नाही

तुमची पोस्ट वाचली आणि अगदी माझंच जुनं दुखणं समोर आलं. बाँडवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर) हायवेजवळच्या ग्रामीण रुग्णालयात जॉईन होताय, ट्रॉमा (अपघातातल्या गंभीर जखमा) आणि सीपीआरसाठी फोनवर कुठलं एक ॲप ठेवू असं विचारताय, आणि वरच्या ऑफिसने "हेच वापरा" म्हणून दिलेलं ॲप सारखं ओटीपी मागतंय. एबीसीडीई (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण अशी क्रमाने तपासणी), जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) वगैरे तुम्हाला येतंच, त्यात जात नाही. मी सर्जन नाही, साधी मेडिकल ऑफिसर. मुंबई-गोवा हायवेच्या कडेला बरीच वर्षं कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) केली त्या अनुभवावरून सांगते, डोस तुमच्या सीनियरकडून एकदा तपासून घ्याच.

आधी ओटीपीचं, कारण तेच मला सगळ्यात महागात पडलं. आमच्याकडेही असंच एक ॲप आलेलं. अकाउंट रुग्णालयाच्या नावावर, पण रजिस्टर्ड मोबाईल नंबर आधीच्या मेडिकल ऑफिसरचा, आणि ते बदली होऊन विदर्भात गेलेले. ॲप लॉगआउट झालं की ओटीपी त्यांच्या फोनवर. जॉईन झाल्या झाल्या मी नंबर बदलायचं पत्र दिलं. ऑफिस म्हणालं थ्रू प्रॉपर चॅनल पाठवा. पाठवलं. मग म्हणाले आधीच्या साहेबांचं ना-हरकत जोडा. तेही मागवून जोडलं, तोवर तिथला क्लार्क बदललेला आणि नव्याला फाईलच सापडेना. आणि त्याच ऑफिसचा फोन मात्र नेमाने यायचा, तुमच्या संस्थेत ॲपचा वापर कमी का, लेखी खुलासा द्या!

असंच पावसाळ्यात एका रात्री घाटाखाली टेम्पोने रिक्षाला उडवलं, त्यातला सहाएक वर्षांचा मुलगा आणला, पांढराफटक पडलेला, पोट फुगत चाललेलं, नाडी हाताला लागेना. मी शीर शोधतेय आणि बरोबरचा ज्युनियर डोस बघायला ॲप उघडतोय तर लॉगआउट. विदर्भात फोन लावावा तर लाईट गेलेली आणि टॉवरही बसलेला. शेवटी सिस्टरने इमर्जन्सी ट्रॉलीच्या खणात चिकटवलेला आमचा हाताने लिहिलेला कागद टॉर्चवर वाचून दाखवला : वय अधिक ४, गुणिले २, म्हणजे वजन २० किलो, बोलस (एकदम द्यायचं सलाईन) किलोला २० मिली, म्हणजे ४०० मिली. मुलगा स्थिर करून पुढे पाठवला, ऑपरेशन झालं, वाचला. पण एवढ्याशा पोरासमोर आम्ही फोनच्या स्क्रीनशी झटत उभे होतो हे मी विसरू शकत नाही, आणि त्या ऑफिसवरचा राग अजून गेलेला नाही. माझी बदली होईपर्यंत तो नंबर बदलला नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे, कुणाला पटो न पटो. ॲप टाकलं की फोन बंद करून चालू करा, फ्लाइट मोडवर टाका आणि मग ॲप उघडा. लॉगिन मागितलं किंवा नुसतं गोल फिरत बसलं तर काढून टाका, आत कितीही भारी मजकूर असू दे. ऑफिसचं ॲप खुलाशापुरतं ठेवा, पण पेशंटसाठी त्याच्यावर विसंबू नका. कॅल्क्युलेटरसाठी मी एमडीकॅल्क हे मेडिकल हिशोबांचं ॲप ठेवते, पण तेही तुमच्या फोनवर असंच तपासून.

दुसरं म्हणजे ॲप कुठल्या सालातलं आहे ते बघा. सोपी खूण सांगते. मोठ्या माणसाच्या टेन्शन न्यूमोथोरॅक्सला (छातीत हवा कोंडून फुफ्फुस दबतं तेव्हा) सुई कुठे घालायला सांगतं? अजून दुसऱ्या इंटरकोस्टल स्पेसवरच (दोन बरगड्यांमधली जागा) असेल तर जुनं आहे. एटीएलएस या डॉक्टरांच्या ट्रॉमा कोर्सची दहावी आवृत्ती २०१८ ची, तेव्हापासून मोठ्यांसाठी चौथी-पाचवी स्पेस, मिडॲक्झिलरी लाइनच्या (काखेच्या मधून खाली येणारी रेघ) किंचित पुढे, लहान मुलांना मात्र दुसरीच. फ्लुइडचंही तसंच, सुरुवातीलाच दोन लिटर सांगणारी ॲप अजून फिरतायत, आता एक लिटरपर्यंतच आणि मग रक्त.

आता जे कुठलंच ॲप सांगत नाही ते. ही बहुतेक ॲप बाहेरच्या देशातली, त्यांची अँप्युल वेगळी आणि तुमच्या कपाटातली वेगळी. ॲड्रेनालिनचंच उदाहरण घ्या. अरेस्टमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्यावर, मुलाला किलोला ०.१ मिली असं लिहिलेलं असतं, पण ते १:१०,००० च्या, म्हणजे दसपट पातळ औषधाचं. आपल्याकडे येते ती १ मिलीची १:१००० ची अँप्युल, तीच थेट त्या हिशोबाने भरलीत तर दसपट डोस जाईल. एक अँप्युल सलाईन घालून १० मिली करायची आणि मग त्यातलं किलोला ०.१ मिली, २० किलोच्या मुलाला २ मिली. हे अपरात्री तोंडी करू नका, आधीच लिहून ठेवा.

रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडचंही तेच. क्रॅश-२ हा त्याच्यावरचा २०१० चा अभ्यास, २०,००० च्या वर पेशंट, तेव्हापासून १ ग्रॅम १० मिनिटांत आणि मग १ ग्रॅम ८ तासांत हे ठरलेलं आहे. आमच्याकडे ५०० मिलिग्रॅमच्या अँप्युल यायच्या, म्हणजे आधी दोन फोडायच्या, १०० मिली एनएसमध्ये (नॉर्मल सलाईन). पण हे तीन तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते तीन तास मोजायचे अपघातापासून, कॅज्युअल्टीत आल्यापासून नाही! घाटातून पेशंट यायलाच दीड-दोन तास जातात, आणि तीन तासांनंतर दिलं तर नुकसान होऊ शकतं. आणणाऱ्याला पहिला प्रश्न वेळेचा विचारा आणि पहिला ग्रॅम किती वाजता दिला ते रेफरल चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर पुढचे पुन्हा पहिल्यापासून देतात.

विषय निघालाच आहे तर, आणणाऱ्या गावकऱ्यांना नाव-पत्त्यासाठी अडवू देऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. वॉचमनलाही हे समजावून ठेवा, बऱ्याचदा तोच अडवतो. आणि फोन स्वतःच्या हातात धरू नका, ग्लोव्ह्जला रक्त लागलं की स्क्रीन चालत नाही. ऑटो-लॉक बंद करून कुणालातरी मोठ्याने वाचायला सांगा.

जॉईन झालात की पहिल्याच दिवशी फार्मासिस्टबरोबर बसून ट्रॉलीतल्या प्रत्येक अँप्युलची ताकद बघून तुमचा स्वतःचा कागद करा, एक खणात आणि एक फोटो फोनमध्ये. कॅल्शियम ग्लुकोनेट (बरंच रक्त चढवताना लागतं) आहे का आणि ओ निगेटिव्ह रक्त सगळ्यात जवळ कुठे मिळतं तेही विचारा. ते कळलं की इथेच लिहा, रेफर करायच्या आधी कुणाला कसा फोन करायचा ते मग सांगते.