आत्याचं पान, एजन्सीचा फोन आणि आमचे साडेपंचवीस हजार

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. आत्या चुलीवर खानदेशी स्वयंपाक करते, तुम्ही शूटिंग करता, २ लाख ३० हजार सबस्क्रायबर झाले, मराठी विकिपीडियावर तुम्ही हौसेनं पान केलं, चौथ्या दिवशी त्यावर पानकाढा साचा, म्हणजे 'हे पान वगळावं' अशी पाटी, लागला आणि सहाव्या दिवशी कुठल्याशा एजन्सीचा फोन: 'आम्ही पान टिकवून देतो.' तुम्ही विचारताय, आत्या तेवढी मोठी आहे का आणि यांना पैसे द्यावेत का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते घाईचं आहे. देऊ नका. फोन परत येईल, रक्कम कमी करून सांगतील, तरी देऊ नका.

मी प्रचालक, म्हणजे पानं वगळायचे अधिकार असलेला सदस्य, नाही; माझ्या शब्दावर कुठलं पान राहत किंवा जात नाही. दोन-तीन वर्षं 'अलीकडील बदल' ही ताज्या संपादनांची यादी चाळत बसणारा एक रिकामटेकडा सदस्य, एवढीच माझी ओळख. चर्चा पान कुठं असतं, संदर्भ कसा टाकतात हे तुम्हाला येतंय असं धरून चालतो.

माझा मावसभाऊ बैलगाडा शर्यतींचा समालोचक. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली आणि पुढच्या यात्रांना खेड-जुन्नरकडच्या घाटांवर जी झुंबड उडाली, तिच्यात याचा आवाज मोबाइलमोबाइलवर पोचला. एक बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, संपायला बारा-तेरा सेकंद. तेवढ्यात हा गाडामालकाचं नाव, गाव, बैलांची नावं सांगून वर एक चारोळी बसवतो. क्लिपा फिरल्या, लग्नाच्या डीजेवाल्यांनी त्याचा आवाज उचलला, आणि आम्हा घरच्यांच्या डोक्यात शिरलं की आता विकिपीडिया.

एजन्सीवाला बोलायला गोड. घरी आला, चहा घेतला, 'दादा, तुमचं काम म्हणजे घरचं काम' म्हणाला. इंग्रजी पानाचे १८ हजार आणि 'मीडिया कव्हरेज'चे साडेसात हजार. मी त्याला कपाटातलं एक कात्रण दाखवलं. शर्यतबंदीच्या काळात एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत अर्धं पान आलं होतं: शर्यती बंद, मग समालोचक करतात काय? वार्ताहर दोन दिवस गावात राहिला होता. भाऊ पहाटे दूध घालायला जाताना मोटरसायकलवर मोठ्यानं समालोचनाचा सराव करतो, हे त्यानं स्वतः मागं बसून ऐकून लिहिलं होतं. दोन दुसऱ्या समालोचकांना विचारलं होतं, त्यातल्या एकानं 'आवाज चांगला, पण बैलांची पारख नाही' असा टोलाही हाणला होता. मावशीनं ते कात्रण लॅमिनेट करून ठेवलेलं. एजन्सीवाल्यानं हातात धरलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, 'याची लिंक आहे का? नाही ना? मग झिरो.'

मी मान डोलावली. माझी खरी चूक ही. पैसे गेले त्याचं मी विसरलो असतो, पण त्या 'झिरो'ला मान डोलावली ते अजून सलतं. संदर्भ ऑनलाइनच हवा असा विकिपीडियाचा नियम नाही आणि नव्हता. छापील वर्तमानपत्र चालतं, जिल्हा गॅझेटियर चालतं, ग्रंथालयातलं पुस्तक चालतं. दुसऱ्या कुणाला ते शोधून पडताळता आलं पाहिजे, म्हणजे नाव, तारीख, आवृत्ती, पान क्रमांक. घरात सोनं होतं आणि मी बाजारातून पितळ आणलं.

पितळ कसलं ते ऐका. आठवड्यात तीन वेबसाइटींवर तीन 'बातम्या' आल्या. तिन्हींत 'अल्पावधीतच लाखो तरुणांच्या मनावर अधिराज्य गाजवणारा' हे वाक्य जसंच्या तसं. तिन्हींत जन्मसाल चुकीचं, आणि तेही एकच चुकीचं. एकीच्या तळाशी फिकट अक्षरांत: या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही. आम्ही पेढे वाटले! वगळण्याच्या चर्चेत एका सदस्यानं तिन्हींतली ती वाक्यं एकाखाली एक मांडली. शेजारी काही लिहिलंसुद्धा नाही. मग मी आणखी शहाणपणा केला, गाडामालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. २३ नवी खाती येऊन 'हे पान राहिलंच पाहिजे' म्हणून गेली. तिथं डोकी मोजत नाहीत, मुद्दे बघतात; एका दिवसात उगवलेली खाती उलट अंगावर येतात. पान गेलं. एजन्सीनं मधलं नाव घालून पुन्हा केलं, पुन्हा गेलं. स्पेलिंग फिरवून तिसऱ्यांदा केलं, तेव्हा नावालाच कुलूप लागलं. आता त्या नावाचं पान साध्या सदस्याला उघडताच येत नाही. यावर एजन्सीचा निरोप, 'प्रोटेक्शनचे दहा हजार टाका, बघतो.'

तुम्हाला साचा लागल्यावरच फोन कसा आला, याचं नवल वाटून घेऊ नका. साचे, वगळलेली पानं, सगळ्यांच्या नोंदी उघड्या असतात. हे लोक त्याच चाळतात. २०१५ च्या ऑगस्टअखेर इंग्रजी विकिपीडियानं ३८१ खाती एका झटक्यात बंद केली होती. त्यांचा धंदा हाच: नाकारलेले मसुदे हुडकायचे, त्या माणसाला गाठायचं, पान टाकायचे पैसे घ्यायचे आणि मग ते पान 'सांभाळायचे' दरमहा वेगळे. त्यात छोटे व्यावसायिक होते, किरकोळ प्रसिद्धीचे कलाकार होते. म्हणजे आपल्यासारखेच. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं तसं उघड सांगितलं पाहिजे ही अट २०१४ पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींतच आहे. फोनवाल्याला एवढंच विचारा, 'तुम्ही तसं जाहीर करणार का?' फोन कट होईल.

आता आत्या. 'तेवढी मोठी' हा शब्द डोक्यातून काढा. मराठी विकिपीडियावर त्याला उल्लेखनीयता म्हणतात, कुणी दखलपात्रता म्हणतं. मला दखलपात्रता बरा वाटतो, कारण प्रश्न थोरवीचा नाहीच. दखल घेतली गेली आहे का, कुणी घेतली, आणि न सांगता, न पैसे घेता घेतली का? सबस्क्रायबर किती याला इथं काडीची किंमत नाही. यूट्यूबचं चांदीचं बटण १ लाखाला मिळतं, सोन्याचं १० लाखांना. ती भिंतीवर छान दिसतात, संदर्भ म्हणून चालत नाहीत. 'राज्यस्तरीय नारीरत्न' छापाचे पुरस्कार तर नोंदवूच नका. शाल, नारळ, ट्रॉफी आणि 'सहयोग शुल्क' असला प्रकार बघणाऱ्याला लगेच कळतो. मुलाखतीही लंगड्या पडतात, कारण त्यात आत्याच आत्याबद्दल बोलते.

मी स्वतः एक कसोटी लावतो. नियम नाही हा, माझी सवय आहे. चॅनल बंद आहे असं समजायचं, घरच्यांच्या आठवणीही बाजूला ठेवायच्या. परक्यांनी छापलेल्या मजकुरावर तीन-चार परिच्छेद भरतात का? प्राजक्ता कोळीचं बघा. सुरुवात यूट्यूबवर, पण पुढे वेब मालिका, २०२२ मध्ये हिंदी सिनेमा, आणि वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या लोकांनी तिच्याबद्दल लिहिलेलं. तिथं चर्चेलाच जागा नाही. उलट २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या रस्त्यावर लाठीकाठी फिरवणाऱ्या आजी आठवतात? देशभर बातम्या आल्या. पण एका घटनेपुरत्या आलेल्या बातम्यांवर माणसाचं चरित्र उभं करावं का, यावर विकिपीडियावर कायम घासाघीस चालते, आणि माझं मत बहुतेक वेळा 'नको'कडे झुकतं. तुम्ही दिलेल्या पाच दुव्यांपैकी तीन आत्याच्याच चॅनलचे आहेत, एक मुलाखत आहे आणि एकात 'खानदेशातील दहा सुगरणी' अशी यादी असून आत्याच्या वाट्याला दीड ओळ आलीय. एवढ्यावर आज पान टिकणार नाही. साचा लावणाऱ्यावर राग धरू नका, त्यांच्या जागी असतो तर मीही लावला असता.

मान्य, चुका तिथंही होतात. डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला आणि ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एजन्सीवाले हा दाखला हमखास देतात. आमच्यानंही दिला होता, बैलगाड्यासाठी!

आणि पान म्हणजे सत्काराची शाल असं तुम्ही धरून चाललाय, तसं नसतं. ते तुमच्या मालकीचं नसतं. उद्या आत्यावर कुणी तक्रार केली, ती छापून आली, तर तेही तिथं येईल आणि तुम्हाला पुसता येणार नाही. २००५ मध्ये जॉन सीगेन्थालर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या पानावर कुणीतरी केनेडी हत्येशी त्यांचा संबंध जोडणारी थाप ठोकून दिली, ती चार महिन्यांहून जास्त काळ तशीच राहिली. त्यानंतर जिवंत व्यक्तींच्या पानांचे नियम कडक झाले, पण छोट्या माणसाच्या पानावर लक्ष ठेवायला कोण बसलंय? माझ्या निरीक्षणसूचीत, म्हणजे मी लक्ष ठेवतो त्या पानांच्या यादीत, असली पन्नासेक पानं आहेत. आठवड्याला एकावर तरी कुणीतरी कुणाच्या नवऱ्याबद्दल काहीबाही लिहून जातं. आत्याची जन्मतारीख आणि गावाचं नाव तुम्ही पानात घातलंय, ते तेवढं आजच काढा.

करण्यासारखं दुसरं काम आहे, ते करा. खापरावर मांडा टाकतानाचे तुमचे फोटो फार सुंदर आहेत. तुम्हीच काढलेले असल्यामुळे कॉमन्सवर, म्हणजे विकिमीडियाच्या फोटोंच्या सामायिक साठ्यात, मुक्त परवान्यानं (कुणालाही वापरता येतील असे) चढवता येतील, आणि मांड्यांच्या लेखात लावता येतील. कळण्याची भाकरी, शेवभाजी यांवर पुस्तकं आहेत, त्यांच्या आधारानं लिहा. यात आत्याचं नाव येणार नाही. चालत नसेल तर मग खरी हौस कशाची होती ते एकदा घरात बोला. (इन्स्टाग्रामची निळी खूण मिळेल का असंही विचारलंत. ती आता महिन्याच्या पैशांवर मिळते, तिचा इथं उपयोग नाही.)

आमच्या कात्रणाचं राहिलं. शहाणपण आल्यावर ते काढलं, तर मावशीनं कात्रीनं नेमका वरचा पट्टा उडवलेला. ना तारीख, ना पान क्रमांक. दैनिकाच्या कचेरीत चार खेपा घातल्या. पहिल्यांदा 'साहेब जेवायला गेलेत', दुसऱ्यांदा 'अर्ज द्या', तिसऱ्यांदा अर्ज सापडेना, चौथ्यांदा 'जुने अंक बांधणीला गेलेत'. शेवटी कात्रण पालथं घातलं. मागं एका जाहीर निविदेचा तुकडा होता, त्यात अंतिम मुदतीची तारीख. तिच्या आधीचे तीन आठवडे धरून तालुक्याच्या वाचनालयात अंक उपसले आणि सोळाव्या अंकात सापडलं. तरी एका लेखावर पान होत नाही, नावाचं कुलूपही तसंच आहे, आणि मी ते उघडा म्हणून अर्ज केलेला नाही. दुसरा तसा मजकूर कुणी आपणहून लिहिला तर करीन.

आत्याबद्दल मागे एका दिवाळी अंकात आलं होतं असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये मला कामाची वाटलेली ओळ तीच. लेखाचं पान, मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका, तिन्हींचे फोटो इथं टाका. आणि कात्री लावू नका, अख्खा अंक तसाच ठेवा.