चिऊ, लाल-हिरव्याचं उत्तर

चिऊ, बेळगावात कॅम्पात आज्जीबरोबर फिरताना सगळीकडे लाल-हिरवं बघून तू फोनवर विचारलीस ना, ख्रिसमसला हेच रंग का आणि आपल्या सणांचे असे रंग असतात काय. ड्युटीवर होतो म्हणून नीट सांगता आलं नाही, आता लिहितो.

इथं इंग्लंडात डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो बघ, बहुतेक झाडं बोडकी, पण फर आणि होली नावाचं काटेरी पानांचं झुडूप हिरवं राहतं आणि त्या होलीला लालभडक फळं लागतात. म्हणून हिरवा म्हणजे न मरणारं जीवन, आणि लाल म्हणजे येशूचं रक्त असं मानतात. जर्मनीत पूर्वी 24 डिसेंबरला आदम-हव्वेचा दिवस पाळायचे, त्याच्या नाटकात फरच्या झाडाला लाल सफरचंदं बांधायचे, ख्रिसमस ट्री त्यातनंच आलं म्हणतात. सोनेरी रंग राजाचा, बाळ येशूला सोनं भेट आणलं होतं ना. सांताचा लाल कोट कोका-कोलावाल्यांनी काढला असं कोणी सांगितलं तर खरं मानू नको, त्यांच्या 1931 च्या जाहिरातींनी तो जगभर नेला एवढंच, लाल कोटातला सांता आधीपासून होता. आणि एक गंमत बघ, आपल्या बेळगावच्या फातिमा कॅथेड्रलमध्ये फादर ख्रिसमसच्या आधीचे आठवडे जांभळा झगा घालतात आणि ख्रिसमसला पांढरा, लाल-हिरवं बाहेर सजावटीत.

आपला हिरवा मात्र थंडीतनं आलेला नाही, तो पावसातला, पेरलेलं उगवून येतं त्याचा. म्हणून काकूच्या डोहाळजेवणाला हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, नवरीला हिरवा चुडा. मला हा रंग सगळ्यात जास्त आवडतो, इथं राहून तर अजूनच.

हळदीकुंकवाचा पिवळा-लाल तर तुला ठाऊकच आहे, सौंदत्तीहून यल्लम्माचा भंडारा आला की सगळ्यांची कपाळं पिवळी होतात की नाही. तुझ्या वर्गातल्या कन्नड मैत्रिणींच्या घरी पण हेच हळदकुंकू, आणि तो कन्नड लोकांचा लाल-पिवळा झेंडा दिसतो ना, त्याचे रंग पण हळदकुंकवाचेच सांगतात. आपल्या गावात झेंड्यांवरून मोठी माणसं किती भांडतात ते तू बघतेसच, मला त्याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे तुला आत्ताच माहीत असावं वाटलं.

राहिला काळा. एरवी शुभकार्यात आज्जी काळं घालू देत नाही पण संक्रांतीला मुद्दाम घालतात, कारण थंडी असते आणि काळं कापड ऊन धरून ठेवतं. काकूच्या बाळाची यंदा पहिली संक्रांत, बोरनहाण करणारच, त्याला काळं झबलं आणि वर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने. आज्जीला म्हणावं खडेबाजारात झबल्याचं कापड आत्ताच बघून ठेव, आणि तुला पण काळा फ्रॉक घे, पैसे मी पाठवतो. फोटो पाठव पण नक्की.

तुझा,
बाबा