छतावरून उजेड हवा, ऊन नको

प्रश्न : जुन्या प्रवासी टेम्पोची आम्ही कॅम्पर व्हॅन करून घेतली आहे. छतावरील ॲक्रिलिकच्या खिडकीमुळे एप्रिलच्या दुपारी आत बसवत नाही आणि ती झाकली तर अंधार होतो. उपाय सुचवावा. – एक वाचक, सांगली

उत्तर : आतला पडदा स्वतः तापतो आणि ती उष्णता गाडीतच सोडतो, म्हणून ऊन बाहेरच अडवणे केव्हाही श्रेयस्कर. रोपवाटिकांसाठी मिळणारी ५० टक्के सावलीची पांढरी शेडनेट खिडकीपासून चार बोटे वर ताणून बांधावी, म्हणजे मधून वारा खेळतो आणि खाली मऊ, पसरलेला उजेड उतरतो. हिरव्या जाळीने आतला उजेडही हिरवट होतो व वाचताना तो त्रासदायक वाटतो, म्हणून माझा आग्रह पांढरीचाच आहे. गाडी चालवण्यापूर्वी जाळी अवश्य काढावी.

काचेसाठीची सनफिल्म मात्र ॲक्रिलिकवर चिकटवू नये. तिच्याखाली फुगे येतात आणि अडकलेल्या उष्णतेने ॲक्रिलिकला तडेही जाऊ शकतात. खिडकी उघडणारी असल्यास ती किंचित उघडी ठेवून सावलीकडची खालची खिडकीही उघडावी, कारण गरम हवा वरून निघून गेली तरच खालून गार हवा आत येते.