ठाण्यातला कागद

प्रश्न : मुलगा विद्यापीठात एम.ए. करतो. शुल्कवाढीविरोधी आंदोलनात दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि ग्रंथालयातून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या उजव्या हातावर काठी बसली. आता पोलीस ठाण्यातून कन्नडमधील नोटीस आली आहे. १ जून १९८६ चा, कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील गोळीबार आठवून माझे सासरे म्हणतात, ‘ठाण्याची पायरी चढूच नको.’ काय करावे? — एक माता, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा

उत्तर : ज्या घराने बेळगावजवळच्या हिंडलग्याला, त्या गोळीबारातील हुतात्म्यांच्या स्मारकावर फुले वाहिली आहेत, त्या घराची भीती मी खोटी कशी ठरवू? तरीही आजोबांचा हा सल्ला मानू नका. नोटिशीत कलमाचा आकडा पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ असेल, तर मुलाला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. ३५ असेल, तर संशयित म्हणून. दुसऱ्या प्रकारात नोटीस पाळणाऱ्याला, पोलिसांनी कारणे नोंदवल्याखेरीज, अटक करता येत नाही. न पाळणे मात्र अटकेला निमित्त ठरते. म्हणून वकिलांना सोबत घेऊन वेळेवर जावे.

जबाबावर सही करू नये. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यायची नाही, असे कलम १८१ सांगते. मुलगा शाळेत कन्नड शिकला असेलच; पण परीक्षेपुरती कन्नड आणि ठाण्याच्या कागदावरची कन्नड यांत बरेच अंतर असते, आणि ‘इथे फक्त सही कर’ म्हणणाऱ्या जमादाराला ते पक्के ठाऊक असते. इतर कोणताही कागद वकिलांनी वाचून अर्थ सांगितल्यावरच हाती घ्यावा.

मुलावरचा संशय बेकायदा जमावात असल्याचा असेल, तर हे ध्यानात ठेवा : अशा जमावात पाच किंवा अधिक माणसे लागतात, आणि त्या जमावाचा हेतू ठाऊक असून जो त्यात सामील होतो किंवा थांबून राहतो, तोच त्याचा घटक ठरतो. नुसते तिथे असणे पुरेसे नाही. मुलगा ग्रंथालयात होता याचा पुरावा तिथल्या नोंदवहीतच असेल. त्या पानाची प्रत आणि दारावरील कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे, असा लेखी अर्ज कुलसचिवांकडे आजच द्या व पोच घ्या, कारण जुन्या चित्रणावर नवे चढत जाते.

हाताचे काय? काठीचा वळ काही दिवसांत पिवळा पडून विरत जातो. सरकारी दवाखान्यात ‘पोलिसांच्या लाठीने’ असे स्पष्ट सांगून नोंद करून घ्या. ‘पडून लागले’ असे लिहू देऊ नका.