टाळ कोण देणार हातात?

"मॅडम, मी एकटीच जाते ना, मग कुणी बोलतच नाही." ट्रेकिंगचा ग्रुप असो, वाचनकट्टा असो की भिशी, हे वाक्य गेल्या काही महिन्यांत समुपदेशनाला आलेल्या इतक्या जणांकडून ऐकलं की लिहायलाच बसले.

त्यातल्या एका काकूंची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. वय ६२. यजमान गेल्यावर साताऱ्याकडचं गाव सोडून पुण्यात मुलाकडे आल्या. सुनेच्या आग्रहावरून बागेतल्या हास्यक्लबात जाऊ लागल्या. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या बागेत पाच जणांनिशी पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हापासूनच्या त्या टाळ्या, ते 'हो हो, हा हा हा' काकूंना छान जमत होतं. अडचण होती नंतरच्या दहा मिनिटांची. सगळे घोळक्याने चहाला निघायचे आणि काकू चपलेचा पट्टा पुन्हा पुन्हा लावत मागे राहायच्या.

"त्यांना मी नकोय."

"कशावरून?"

"काल सगळे माझ्याकडे पाठ करून उभे होते."

"गोल करून उभं राहिलं की बाहेरच्याला पाठच दिसणार, काकू. 'नको' असं कुणी म्हणालं?"

त्या गप्प.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर वाढलेली. काय घडलं आणि आपण त्याचा काय अर्थ लावला, हे आधी वेगळं करायचं. पण तेवढ्यावरच थांबलं तर सगळं ओझं एकट्या आलेल्या माणसावर पडतं, हे मला या काकूंनी शिकवलं.

चौथ्या भेटीत मी विचारलं, "गावी भजनी मंडळात नवीन बाई आली की काय करायचात?"

"काय करायचं? टाळ द्यायचे हातात. गाता येतं का, असं कुणी विचारायचंसुद्धा नाही." बोलता बोलता त्या थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "इथं मला कुणी टाळ दिले नाहीत हो." मग हळूच, "मी मागितलेही नाहीत."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात. नेमका तोच प्रश्न मला तेव्हा सुचला, याचं समाधान आजही आहे. आपण नवख्याला हसून 'या, या' म्हणतो. त्याला हवं असतं काम. काम असलं की मागे रेंगाळायला कारण मिळतं.

काकूंनी संचालकांकडे वाढदिवसांची वही मागितली. त्यांनी आनंदाने दिली. आता प्रत्येकाला नाव-तारीख विचारणं भागच होतं!

ग्रुप चालवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. 'नवीन आलात, दोन शब्द बोला' म्हणून कुणाला पुढे उभं करू नका, ती परीक्षा वाटते. 'एकट्याच का?' हे तर नकोच. एका जुन्या सदस्याला सांगून ठेवा: कार्यक्रम संपताना नवख्याजवळ राहायचं, नाव घेऊन चहाला न्यायचं. आणि दुसऱ्या खेपेला ते नाव आठवायला हवं. पहिल्या दिवशी सगळेच गोड बोलतात.

एकटे जाणाऱ्यांनो, एलिस स्वतः फार बुजरे होते. १९व्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये त्यांनी ठरवून महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी गप्पा मारल्या. भेट ठरली एकीशीच, तीही आली नाही. भीती मात्र गेली.

शेवटच्या भेटीला काकू उशिरा आल्या. "एक गृहस्थ फाटकापाशी एकटेच उभे होते. वही त्यांच्या हातात दिली. म्हटलं, धरा जरा, चप्पल घालते, मग चहाला जाऊ."