कॉम्प्युटरची तारीख-वेळ कमांड देऊन कशी बघायची आणि कशी लावायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीत वखारीच्या ऑफिसात हिशेबाचा जुना विंडोज कॉम्प्युटर आहे. सकाळी चालू केला की तारीख कुठल्या कुठे मागे गेलेली असते. रोज माऊसने बदलण्यापेक्षा काळ्या खिडकीत कमांड देऊन ती कशी बघायची आणि लावायची? शेजारी उबुंटूचं (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) मशीन आहे, त्यावर काय करायचं?

मी खानापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. ही तक्रार आमच्या भागात नेहमीची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरा.

आधी नुसतं बघायचं. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे ती काळी खिडकी, उघडा आणि 'डेट', एक जागा सोडून 'स्लॅश टी' असं द्या. आजची तारीख दिसते, बाकी काही होत नाही. 'टाइम स्लॅश टी' दिलं की वेळ दिसते. स्लॅश टी न लावता नुसतं 'डेट' दिलंत, तर मशीन सध्याची तारीख दाखवून लगेच नवी तारीख मागतं. बदलायची नसेल तर तिथे काही न लिहिता एंटर दाबायचं.

आता नवी तारीख मागणारी ती ओळ नीट वाचा, कारण सगळा घोळ तिथेच होतो. कंसात तीन जोड्या असतात: कुठे आधी दिवस मग महिना, कुठे आधी महिना मग दिवस. विंडोज टाकताना प्रदेश अमेरिकेचा राहिला असेल तर महिना आधी येतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच मशीनवर तो तसाच राहिलेला असतो. अशा मशीनवर ४ मे म्हणून '०४-०५-२०२५' टाकलंत तर ते मुकाट्याने ५ एप्रिल धरतं. २५ जूनला '२५-०६' टाकलंत तर मात्र नकार देतं, कारण २५ वा महिना नसतो. म्हणजे महिन्याच्या १२ तारखेपर्यंत चूक कळतच नाही आणि १३ पासून कमांड 'बिघडल्यासारखी' वाटते. वखारीच्या पावत्या महिनाभर चुकीच्या तारखेने निघाल्या तर वर्षअखेरीला ते निस्तरायला फार जड जातं. म्हणून तारीख टाकली की पुन्हा 'डेट स्लॅश टी' देऊन महिना तपासाच.

वेळेला हा त्रास नाही. 'टाइम १४:३०' दिलं की दुपारचे अडीच. तारीख असो की वेळ, बदलायला कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडावा लागतो, नाहीतर अधिकार नाही असं सांगून मशीन थांबतं.

पण वेळेला हात लावण्याआधी टाइम झोन, म्हणजे मशीन कुठल्या देशाची वेळ धरतंय ते, बघा. 'टीझेडयुटिल', जागा, 'स्लॅश जी' असं दिलं की सध्याचा झोन कळतो. 'इंडिया स्टँडर्ड टाइम' असं आलं पाहिजे. विंडोज नव्याने टाकलं की कित्येकदा अमेरिकेचा पॅसिफिक झोन राहून जातो. लोक झोन तसाच ठेवून घड्याळाचे काटे हाताने पुढे करतात, वेळ बरोबर दिसते, आणि नेट जोडलं की पुन्हा बारा-तेरा तासांनी मागे. दोष नेटला दिला जातो, पण चूक झोनची असते. बदलायला 'टीझेडयुटिल स्लॅश एस' आणि पुढे दुहेरी अवतरणात 'इंडिया स्टँडर्ड टाइम'.

झोन लागला की पुढचं काम नेटवर सोपवा. 'डब्ल्यू३२टीएम', जागा, 'स्लॅश रीसिंक' ही कमांड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून द्या. वेळ जुळवणारी सेवा चालू नाही असं म्हणालं तर आधी 'नेट स्टार्ट डब्ल्यू३२टाइम' द्या. तुमच्या बाबतीत एक अडचण नक्की येणार. घड्याळ १५ तासांपेक्षा जास्त चुकलेलं असेल तर साध्या विंडोज मशीनवर ही सेवा दुरुस्ती करायला नाकारते, फरक फार मोठा आहे म्हणते. तुमची तारीख तर काही वर्षं मागे जाते. म्हणून आधी हाताने आजची तारीख आणि अंदाजे वेळ लावा, मग रीसिंक द्या. उरलेला फरक ती भरून काढते. तारीख चुकलेली असली की बँकेच्या, जीएसटीच्या साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत, तेही यातच सुटतं. साइटच्या प्रमाणपत्राची मुदत तुमच्या मशीनच्या तारखेवरूनच पडताळली जाते.

उबुंटूवर हेच काम जास्त स्वच्छ होतं. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' एवढंच द्या. स्थानिक वेळ, जागतिक वेळ, मदरबोर्डवरच्या (कॉम्प्युटरच्या आतली मुख्य पाटी) घड्याळाची वेळ, झोन आणि नेटशी जुळणी झाली की नाही, सगळं एका जागी दिसतं. झोनच्या यादीत आपले लोक बेंगळुरू शोधतात, मुंबई शोधतात. दोन्ही नाहीत. भारताला एकच नाव आहे, 'एशिया स्लॅश कोलकाता'. राज्याच्या सीमेच्या अलीकडे खानापूर असो की पलीकडे चंदगड, जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे हीच वेळ. (ही वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि बेळगाव साधारण ७४.५ अंशावर. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला घड्याळात सरासरी साडेबारा वाजतात.)

'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन' आणि पुढे ते नाव, मग नेटशी जुळणी चालू करायला 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू'. ('सुडो' म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने.) नेट असेल तर इथेच काम संपलं. नेट नसेल आणि हाताने लावायची असेल तर ट्रूच्या जागी फॉल्स देऊन जुळणी बंद करा, नाहीतर तारीख-वेळ लावणारी 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइम' ही कमांड चालणार नाही. इथे तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच द्यायची असते, त्यामुळे मे-एप्रिलचा घोळ होत नाही. जुनी 'डेट' कमांड 'हायफन एस' लावूनही चालते, पण ती फक्त चालू सिस्टिमचं घड्याळ बदलते. मदरबोर्डवर ती वेळ लिहायला 'सुडो एचडब्ल्यूक्लॉक हायफन डब्ल्यू' द्यावं लागतं.

आता मूळ दुखण्याकडे. तुमच्या विंडोज मशीनची तारीख दिवसभर टिकते आणि सकाळीच मागे जाते, याचा अर्थ मदरबोर्डवरचा सेल संपलाय. दिवसा कॉम्प्युटर बंद केला तरी प्लग चालू असला की पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ चालतं. रात्री वखारीचा मेन स्विच बंद केला की त्या घड्याळाला फक्त सेलचा आधार, आणि तोच उरलेला नाही. अशा स्थितीत कोणतीही कमांड रोज सकाळी पुन्हा द्यावीच लागेल.

सेल बहुतेक मशीनमध्ये सीआर २०३२ नावाचा, नाण्यासारखा, ३ व्होल्टचा असतो. कॉम्प्युटरच्या दुकानातच नव्हे, घड्याळवाल्याकडेही मिळतो. वायर काढा, कॅबिनेट उघडा, खाचेच्या कडेची छोटी पट्टी नखाने बाजूला करा, सेल आपोआप वर येतो. नवा बसवताना अधिक खुणेची बाजू वर. मग बायॉसमध्ये (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी उघडता येणारी सेटिंग) जाऊन एकदा तारीख-वेळ लावा, आणि एक रात्र मेन स्विच बंद ठेवून सकाळी 'डेट स्लॅश टी' देऊन बघा. नवा सेल घालूनही तारीख मागे गेली तर बोर्ड दाखवायला आणा, दुसरा सेल विकत घेऊ नका. आणि नवी तारीख लावण्याआधी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या तारखांवर पडलेल्या नोंदी शोधून वहीत उतरवून ठेवा. तारीख सरळ झाली की त्या मागच्या वर्षांत दडून बसतात आणि शोधायला कठीण जातात.