लोकलच्या वेळापत्रकाचं अ‍ॅप करतेय. एका स्क्रीनचे तुकडे नेमके कुठे पाडायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बी.एस्सी. आयटीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही लोकलच्या वेळापत्रकाचं अँड्रॉइड अ‍ॅप करताय, कोटलिन भाषेत आणि जेटपॅक कंपोज या स्क्रीन बांधायच्या साधनसंचात. मुख्य स्क्रीन चालतोय, पण सगळाच्या सगळा एका कंपोजेबल फंक्शनमध्ये (कंपोजमध्ये स्क्रीनचा भाग काढणाऱ्या फंक्शनमध्ये) आहे आणि आता तो तुम्हालाच वाचवत नाही. सर म्हणतात तुकडे करा, मैत्रीण म्हणते फ्रॅगमेंट (स्क्रीनचे तुकडे करायची अँड्रॉइडची आधीची पद्धत) वापर, आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

स्क्रीनशॉटची प्रिंट काढा आणि पेन्सिलीने चौकटी आखा. इथपर्यंत सगळेच सांगतात. पण नुसती चौकट दिसली म्हणून तिचं फंक्शन करू नका. प्रत्येक चौकटीशेजारी दोन गोष्टी लिहा: हिला बाहेरून कोणती माहिती लागते, आणि हिच्यावर बोट टेकलं की बाहेर काय कळवायचं. दोन्ही उत्तरं एकेका ओळीत मावली तर तो तुकडा पाडायला योग्य. लिहिता लिहिता अर्धं पान भरलं तर चौकट चुकीच्या ठिकाणी आखली गेलीय.

तुमच्या स्क्रीनवर वर स्टेशनचं नाव आहे, त्याखाली ‘सगळ्या, स्लो, फास्ट’ असा फिल्टर, मग गाड्यांची यादी, आणि रविवारी मेगाब्लॉकची सूचना. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे यादीतली एक ओळ. ती नीट जमली की बाकीचं सोपं आहे, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो.

ओळीत दिसतं काय? सुटायची वेळ, कुठपर्यंत जाणार, स्लो की फास्ट, १२ डबे की १५, प्लॅटफॉर्म, आणि ‘४ मिनिटांत’. हे सगळं तिला पॅरामीटर म्हणून, म्हणजे फंक्शनला बाहेरून दिलेली माहिती म्हणून, हातात मिळालं पाहिजे. तिने डेटाबेसला विचारायचं नाही, घड्याळ बघायचं नाही, दुसरा स्क्रीनही उघडायचा नाही. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरसारखं: त्याला जे पाठवलं जातं ते तो दाखवतो, गाडी कुठे अडकलीय हे तो शोधायला जात नाही. बोट टेकलं तर ओळीने फक्त ‘मला दाबलं’ एवढं वर कळवायचं, त्यासाठी एक लॅम्डा (पॅरामीटर म्हणून दिलेलं छोटं निनावी फंक्शन) पुरतो. मुख्य यादीत दाबल्यावर थांब्यांची यादी उघडेल, ‘माझ्या गाड्या’ या स्क्रीनवर तीच ओळ दाबल्यावर आठवण लावता येईल. ओळीला यातलं काहीच माहीत नसतं, आणि म्हणूनच ती दोन्हीकडे चालते.

फास्ट गाडी इथे थांबणार की नाही, हेसुद्धा ओळीने ठरवू नये. शीव (सायन) स्टेशन घ्या. एरवी फास्ट लोकल तिथे थांबत नाही, म्हणून ओळीच्या आत ‘फास्ट असेल तर फिकट दाखव’ असं लिहायचा मोह होईल. पण रविवारी मेगाब्लॉकमध्ये फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात आणि त्या वाटेतल्या ज्यादा स्टेशनांवरही थांबतात. हा नियम ओळीत कोंबलात तर ती फक्त शनिवारपर्यंत खरं बोलेल. थांबणार की नाही याचा निकाल वर लागू दे, ओळीला नुसतं हो किंवा नाही द्या.

‘४ मिनिटांत’चंही तसंच. प्रत्येक ओळीत वेगळा टायमर चालवू नका. स्क्रीनकडे एकच घड्याळ असू दे आणि ओळीला आत्ताची वेळ न देता उरलेली मिनिटं द्या. वेळ मिलिसेकंदांत दिलीत तर घड्याळ हललं की दिसणारी प्रत्येक ओळ पुन्हा काढली जाते. मिनिटांचा आकडा दिलात तर तो बदलेल तेव्हाच काढली जाते, कारण पॅरामीटर तेच असले की कंपोज ते फंक्शन वगळू शकतं.

आता फिल्टर. नवशिके बहुतेक इथेच अडतात. ‘फास्ट’ निवडलंय ही गोष्ट लक्षात कोणी ठेवायची? फिल्टरच्या फंक्शनमध्येच रिमेंबर (कंपोजची लक्षात ठेवायची सोय) लावला तर चिप, म्हणजे फिल्टरचं छोटं बटण, छान रंगते, पण खालच्या यादीला त्याचा पत्ताच लागत नाही. मग लोक ग्लोबल व्हेरिएबल करतात आणि गुंता वाढतो. ती निवड ज्यांना ज्यांना लागते त्या सगळ्यांच्या वर जो पहिला सामाईक पालक आहे, त्याच्याकडे ती ठेवा. इथे तो म्हणजे स्क्रीन. स्क्रीन फिल्टरला सांगतो ‘सध्या फास्ट निवडलंय’, फिल्टर स्क्रीनला सांगतो ‘आता स्लो दाबलं’, आणि यादीला गाळलेल्या गाड्या मिळतात. माहिती खाली, घडामोडी वर. कंपोजमध्ये याला स्टेट होइस्टिंग म्हणतात, आणि माझ्या मते एवढी एक गोष्ट पक्की झाली की तुकडे पाडण्याचं निम्मं काम होतं.

बाहेरची मोकळी जागा तुकड्याच्या आत लिहू नका. ओळीने स्वतःभोवती १६ डीपी (अँड्रॉइडमधलं पडद्यावरच्या लांबीचं माप) पॅडिंग लावून घेतलं तर दुसऱ्या स्क्रीनवर तेच नको असतं. प्रत्येक तुकड्याला मॉडिफायर (आकार, मोकळी जागा वगैरे बाहेरून सांगायची सोय) हा पॅरामीटर ठेवा, ऐच्छिक पॅरामीटरांमध्ये तो पहिला, आणि आत सगळ्यात बाहेरच्या घटकालाच तो लावा. कंपोजच्या स्वतःच्या लायब्ररीत हीच पद्धत आहे, त्यामुळे तुमचा कोड वाचणाऱ्यालाही ती ओळखीची वाटते.

तोडायचं कधी नाही, हेही सांगतो. एकाच ठिकाणी येणारं दोन ओळींचं टेक्स्ट वेगळं काढून काही मिळत नाही. आणि एका तुकड्याला ‘प्लॅटफॉर्म दाखव’, ‘तारा दाखव’, ‘लहान आकार’ असे होय-नाहीचे पॅरामीटर चिकटायला लागले की थांबा. तिसरा आला की तो तुकडा दोन वेगळी कामं करतोय असं समजायला हरकत नाही. अशा वेळी ओळीच्या उजव्या टोकाला एक मोकळी जागा ठेवा, म्हणजे स्लॉट: तिथे काय यायचं ते वापरणारा ठरवेल. एका स्क्रीनवर तारा, दुसऱ्यावर घंटा. स्कॅफोल्ड (स्क्रीनचा सांगाडा) आणि टॉपअ‍ॅपबार (वरची पट्टी) हे कंपोजचे तयार घटक तुम्ही आधीच वापरताय, तेही असेच बांधलेले आहेत. मेगाब्लॉकच्या पट्टीलाही मजकूर बाहेरूनच द्या. पश्चिम रेल्वे जम्बो ब्लॉक म्हणते, मध्य रेल्वे मेगाब्लॉक. पट्टीला दोन्ही सारखेच.

फ्रॅगमेंटबद्दल: मैत्रीण चुकीचं सांगत नाहीये, ती आधीच्या पद्धतीबद्दल बोलतेय. फ्रॅगमेंट २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० बरोबर आले, टॅबलेटच्या मोठ्या पडद्यावर यादी आणि तपशील शेजारी शेजारी दाखवता यावेत म्हणून. प्रत्येक फ्रॅगमेंटचा स्वतःचा लाइफसायकल (तयार होण्यापासून नष्ट होण्यापर्यंतचे टप्पे) असतो आणि यादीतल्या एका ओळीसाठी तो भार कशाला? जेटपॅक कंपोजची १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली, आणि तुमचं अ‍ॅप पहिल्यापासून कंपोजमध्ये असल्यामुळे फ्रॅगमेंटची गरज नाही. पण वाचायला मात्र शिका, नोकरीत जुने प्रोजेक्ट हातात येतातच.

तुकडा वेगळा झाला की त्याचा प्रीव्ह्यू (अ‍ॅप न चालवता तुकडा कसा दिसतो ते दाखवणारा नमुना) लगेच लिहा. आणि त्यात ‘ठाणे’ घालू नका, ठाणे कुठेही मावतं. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ घाला, फॉन्ट स्केल २ ठेवा (म्हणजे अक्षरं दुप्पट मोठी), मग बघा. टेक्स्ट असलेल्या घटकाला ठरावीक उंची दिली असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. इंग्रजी नावांवर तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, आणि मराठी वाचणाऱ्याला मात्र ते रोज बघावं लागतं. ठरावीक उंचीऐवजी किमान उंची द्या. दाबायची जागा किमान ४८ डीपी हवी. हे अ‍ॅप वापरणारी माणसं एका हाताने वरची कडी धरून उभी असणार, तेव्हा यात काटकसर नको.

यादी लेझीकॉलममध्ये (दिसणाऱ्याच ओळी काढणारी कंपोजची यादी) असेल तर प्रत्येक ओळीला की, म्हणजे तिची स्वतःची ओळखखूण, द्या, गाडीचा क्रमांक उत्तम. यादीतला अनुक्रमांक नको, कारण फिल्टर बदलला की तो दुसऱ्याच गाडीला लागतो.

सगळं एका दमात तोडू नका. आधी फक्त गाडीची ओळ बाहेर काढा, अ‍ॅप चालवा, गिटमध्ये कमिट करा, म्हणजे झालेला बदल नोंदवून ठेवा. मग फिल्टरची निवड वर आणा आणि फिल्टर वेगळा करा. स्टेशनचं नाव आणि सूचनेची पट्टी शेवटी घेतली तरी चालेल, त्यात अर्ध्या तासाचंच काम आहे. फाइल्सचं म्हणाल तर ज्या तुकड्याला दुसरा स्क्रीन वापरायला लागेल, त्यालाच तेव्हा वेगळ्या फाइलमध्ये हलवा. तोवर सगळे एकाच फाइलमध्ये राहिले तरी काही बिघडत नाही.